नंतर आठवण करून द्या

३ मार्च, सोमवार

परत तीच खिडकी! लेखाचं दुसरं वाक्य जमत आलं होतं, तोच पडद्याच्या मधोमध निळा चौकोन. ‘तुमची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली आहे. ३१ मार्चनंतर आम्ही तिची जबाबदारी घेणार नाही.’ खाली दोन बटणं. एक, ‘आत्ताच अपग्रेड करा’. दुसरं, ‘नंतर आठवण करून द्या’.

‘नको’ असं बटणच नाही. एकोणीस वर्षं लोकांना सल्ले देतोय, पण ही युक्ती मला कधी सुचली नाही — नकाराला जागाच ठेवायची नाही!

‘नंतर’ दाबलं. चौकोन गेला. दुसरं वाक्यही गेलं.

४ मार्च, मंगळवार

कात्रीचा फोन. कात्री म्हणजे रविवार पुरवणीचा उपसंपादक. बाराशे शब्द दिले तर सहाशे छापतो आणि वर म्हणतो, “काही कळलं का कापलेलं?”

“माई,” — ऑफिसात कुणी जवळ असलं की तो मला माईच म्हणतो — “एक एप्रिलपासून मजकूर फक्त नव्या सिस्टीमवरून घ्यायचाय. वरून आलंय. ईमेल बंद. तुमच्या जुन्या डब्यावर आमचं पान उघडणारच नाही.”

“आणि मी नवं नाही घातलं तर?”

“तर माईंच्या जागी शब्दकोडं मोठं करू.”

एकोणीस वर्षांची माया! माई एके काळी खऱ्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून संपादक मला म्हणाले, “दोन आठवडे सांभाळा त्यांचं सदर.” माई मुलाकडे गेल्या त्या तिकडेच रमल्या. मी अजून ते दोन आठवडे सांभाळतोय. बायकांना वाटतं, माई म्हणजे पांढऱ्या केसांची, शहाणी, चार पावसाळे जास्त पाहिलेली बाई. केस पांढरे आहेत. बाकीचं संपादक, कात्री आणि ही — इतक्यांनाच माहीत.

कात्रीला म्हणालो, “बघतो.” तो म्हणाला, “बघू नका. करा.” या पिढीला संभाषण म्हणून येत नाही.

६ मार्च, गुरुवार

दिवसभर विचार केला. मुख्य अडचण माझ्या टायपिंगच्या जुन्या प्रोग्रामची. तो नव्या सिस्टीमवर चालत नाही म्हणे. त्यात ‘क्ष’ कुठे आहे ते माझ्या बोटाला माहीत आहे, मला नाही. नवीन शिकायचं म्हणजे बोटांना परत पहिलीत घालायचं. आणि साडेनऊशे लेख त्यात पडलेत. ते उघडतील का? उघडले तर वाचता येतील का, की मुंग्या चालल्यासारखं दिसेल सगळं?

दुसरीकडे कात्री आणि त्याचं शब्दकोडं.

हिलाही आज पत्र आलंय. ही दातांच्या कवळ्या बनवते. बावीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत — मेण, साचे, गुलाबी हिरड्या. गावातले निम्मे लोक हिच्या दातांनी हसतात. हिच्या बहिणीच्या शहरात नवीन दंतमहाविद्यालय निघालंय. तिथे मुलांना कवळ्या बनवायला शिकवायचं. दोन वर्षं. एक एप्रिलला हजर व्हायचं, आणि हो-नाही वीस तारखेच्या आत कळवायचं.

“राहायला जागा देतायत,” म्हणाली. “दोघांची. तुम्हाला काय, लिहायला टेबल असलं की झालं.”

चांगलं आहे. “बघू,” म्हणालो. आधी या कॉम्प्युटरचं एकदा मिटू दे. एका वेळी एकच भिजत घोंगडं बरं.

८ मार्च, शनिवार

वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर जिन्यात भेटले. त्यांनी गेल्या महिन्यात नवी सिस्टीम घातली.

“एकदम झकास!” म्हणाले. “फक्त प्रिंटर बोलेना.”

“मग?”

“नवा आणला. त्याची वायर टेबलापर्यंत पोचेना. टेबल सरकवलं. आता दार पूर्ण उघडत नाही. पण काही बिघडत नाही, पोट आत घेतलं की जाता येतं.” आणि घेऊन दाखवलं. “वेग मात्र काय आहे हो!”

“कशाचा?”

“सुरू व्हायचा!”

सुरू व्हायचा वेग. म्हणजे सकाळचे पंचवीस सेकंद वाचतात आणि ते दार ढकलण्यात जातात.

९ मार्च, रविवार

कागद घेऊन दोन रकाने पाडले. ‘करावं’ आणि ‘नको’. ‘नको’ खाली चौदा मुद्दे झाले. अकरावा मुद्दा ‘सवय’, बारावा ‘वरच्यांचं दार’. ‘करावं’ खाली एकच — ‘कात्री’.

संध्याकाळी बघतो तर ‘करावं’ खाली हिच्या अक्षरात दुसरा मुद्दा: ‘निदान एक तरी गोष्ट होईल.’

हा काही मुद्दा नाही. खोडला.

११ मार्च, मंगळवार

तासभर कॉम्प्युटर हिच्या ताब्यात! लेख उद्या द्यायचाय आणि मी खुर्चीमागे येरझाऱ्या घालतोय. ही एरवी पाच मिनिटं बसते, कवळ्यांची मापं उतरवून ठेवते, उठते. आज लिहिते काय, खोडते काय.

“काय चाललंय एवढं?”

“माप,” म्हणाली. “एक जागा नीट बसत नाहीये.”

“मग बदल साचा.”

“तेच बघतेय. बदलतोय का.”

उठताना म्हणाली, “त्या पत्राचं काय करायचं, अहो? नऊ दिवस राहिले.”

“वीस, वीस! आज अकराच आहे. एकतीसपर्यंत आहे की.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मी माझ्या पत्राचं म्हणतेय.”

“हं, हं. तेही बघू.”

निळा चौकोन आज दोनदा आला. ‘नंतर’, ‘नंतर’.

१२ मार्च, बुधवार

लेख वेळेवर. एकोणीस वर्षांत एकही चुकलेला नाही. बाकी माणूस कसाही असो, बुधवार पाळतो.

१४ मार्च, शुक्रवार

कात्रीकडून पुढच्या पंधरवड्याची पत्रं आली. पत्रं माझ्याकडे येतात ती धुऊन, वाळवून. नाव काढलेलं, गाव काढलेलं, धंदा बदललेला. हा सदराचा जुना नियम, खऱ्या माईंच्या काळापासूनचा. नर्स असेल तर कात्री तिला शिक्षिका करतो, शिक्षिकेला दुकानदारीण. मुलगे असतील तर मुली. कुणी ओळखू नये म्हणून. एकदा एका बाईने छापलेलं स्वतःचंच पत्र ओळखलं नाही, आणि ‘त्या बिचारीला माझा धीर सांगा’ म्हणून दोन पानी पत्र पाठवलं!

या खेपेला सहा. सासू, सासू, कुत्रा, शेजारची पोहण्याच्या पोशाखातली बाई, सासू. आणि एक बरं आहे. उतरवून ठेवतो:

‘मी शिवणकाम करते. दुसऱ्या गावी शिकवायला बोलावलं आहे. जावंसं वाटतं. पतींना विचारलं की ते “बघू” म्हणतात. ते वाईट नाहीत. नाही म्हणत नाहीत, भांडतही नाहीत. भांडले असते तर निदान काही उत्तर मिळालं असतं. परक्यांना मात्र ते ताबडतोब उत्तर देतात. मी काय करावं?’

वाः! हा नवरा डोळ्यांसमोर उभा राहिला. खुर्चीत रुतलेला, हातात काहीतरी, तोंडाने ‘बघू’. अशा माणसांची मला फार गंमत वाटते. याच्यावर लिहायला मजा येणार.

१५ मार्च, शनिवार

भाची आली. कॉम्प्युटर कंपनीत आहे, माझ्या डब्याकडे असं बघते जसं डॉक्टर जुन्या ओळखीच्या आजाराकडे बघतात.

“मामा, ही सिस्टीम आली तेव्हा मी शाळेत होते.”

“मग काय झालं? मी तेव्हाही लिहीत होतो.”

तिने काहीतरी उघडून पाहिलं आणि हसायला लागली. “अरे, तू ‘नंतर’ किती वेळा दाबलंयस माहितीये? दोनशे सतरा!”

“याची नोंद ठेवतात?”

“सगळ्याची ठेवतात.”

ही दारात उभी होती. “मला वाटलं होतं माझाच आकडा मोठा असेल,” म्हणाली. कशाचा आकडा ते विचारायचं राहिलं, कारण भाची नव्या सिस्टीमचं कौतुक सांगायला बसली होती. म्हणे टायपिंगचा नवा प्रोग्राम ती घालून देईल, कळा जुन्याच राहतील. म्हणे साडेनऊशे लेख उघडतील, मी करून बघितलंय मामा. म्हणे प्रिंटरही बोलेल. माझे चौदा मुद्दे तिने चहा निवायच्या आत पाडले. फक्त ‘सवय’ उरला.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. नवी सिस्टीम उघडली की या कॉम्प्युटरवर अलीकडे कोणकोणत्या फाइली उघडल्या त्या ती आपणहून समोर मांडते. म्हणजे मी काय लिहीत होतो ते आल्यागेल्याला दाखवणार? जुनी कशी, तीन कप्प्यांच्या आत पुरलं की पुरलं. माझं मलाही सापडत नाही.

“मी लिहिलेलंही दिसेल?” हिने विचारलं. “मापांच्या फोल्डरमधलं?”

“सगळं, मामी. पहिल्याच पानावर. जो उघडेल त्याला.”

“त्याने शोधलं नाही तरी?”

“शोधायचंच नाही. तीच तर गंमत आहे.”

“बरं आहे,” म्हणाली ही. असल्या गोष्टींत हिला रस कधीपासून आला!

भाची म्हणाली, “मामा, आत्ताच करून टाकू? तासाभराचं काम.”

मी म्हणालो, आज शनिवार. जरा बघू. तिने हिच्याकडे पाहिलं, हिने तिच्याकडे. मग दोघी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बोलत होत्या. आणि हसत नव्हत्या.

१८ मार्च, मंगळवार

शिवणकामवाल्या बाईचं उत्तर लिहून झालं. एका बैठकीत! वर्षातून असे दोन-तीनच लेख होतात, जे आपल्याआधी बोटांनाच येतात. शेवटचा भाग इथे उतरवून ठेवतो, कारण कात्रीच्या हातून काय वाचेल सांगता येत नाही:

‘बाई, तुमचे यजमान दगड आहेत असं मी म्हणणार नाही. दगडाला ठेच लागते, म्हणून लोक त्याची दखल तरी घेतात. “बघू” म्हणणारा माणूस दार अर्धं उघडं ठेवून बसतो. त्यातून वारा येत नाही, डास येतात. तुम्ही त्यांना सभ्य म्हणता. सभ्य कसले! नकार द्यायचे कष्टसुद्धा त्यांना तुमच्याकडून करून घ्यायचे आहेत. मुदत टळली की ते म्हणतील, अगं, मी कुठे नाही म्हटलं होतं? तेव्हा विचारणं थांबवा. विचारलं की उत्तराची वाट बघावी लागते. विचारू नका, कळवा. बॅग भरा, तारीख सांगा आणि निघा. यजमानांना कळेल तेव्हा कळेल.’

हिला वाचून दाखवलं. एरवी हिला लेख वाचून दाखवायचे म्हणजे हिचे हात प्लॅस्टरात, माझा घसा कोरडा, आणि अभिप्राय ‘हं’. आज हात पुसून समोर बसली. शेवटपर्यंत ऐकलं.

“कसं झालंय?”

“छान. अगदी मनापासून लिहिलंय तुम्ही.”

“जरा जास्त बोचरं नाही ना झालं?”

“नाही. एक शब्द बदलू नका. हेच छापणार ना?”

“हेच.”

“आणि तुम्हाला खरंच असं वाटतं? त्या बाईने निघावं?”

“अगं, आज निघावं! अशा माणसापाशी ती काय करणार बसून?”

“ठीक,” म्हणाली आणि उठली. डोळ्यांत पाणी होतं की काय! बावीस वर्षं मेणाच्या वासात काम करून डोळे चुरचुरतात हिचे, पण तरी. लेखणीला अजून धार आहे म्हणायची.

२० मार्च, गुरुवार

ठरवलं! अपग्रेड नाही, पण बॅकअप. सगळ्या लेखांची एक प्रत वेगळी काढून ठेवायची. म्हणजे उद्या करायचं ठरलंच तर अडायला नको आणि नाही ठरलं तर काही बिघडायला नको. यालाच म्हणतात तयारी.

सकाळी दहाला लावलं. अकराला १२ टक्के. जेवताना २९. मी पडद्यासमोरून हललो नाही, मध्येच ‘नंतर’ वाला चौकोन आला तर सगळं मुसळ केरात.

४३ टक्के असताना ही समोर येऊन उभी राहिली. काहीतरी म्हणाली. शेवटचा दिवस, कळवलं, हो म्हटलं, असं काहीतरी. लॅबचं असणार. “हं,” म्हणालो. ती तशीच उभी. “ऐकलंत ना?” “ऐकलं, ऐकलं. चांगलं केलंस.” ती गेली तेव्हा ४४ झाले होते.

पाच वाजता १००. दमलो.

२३ मार्च, रविवार

छापून आलं! कात्रीने एक शब्द कापला नाही. असं नऊ वर्षांपूर्वी एकदा झालं होतं, तो सुट्टीवर होता तेव्हा.

दुपारी त्याचा फोन. “माई, ईमेलचा पूर आलाय. बायका खूश आहेत. तीन नवरे चिडलेत. तिघांनाही वाटतंय, पत्र आपल्याच बायकोचं आहे.”

केवढ्याने हसलो! चोराच्या मनात चांदणं.

“खरं कुणाचं आहे ते?” सहज विचारलं.

“ते मी सांगत नाही, माहितीये तुम्हाला,” म्हणाला. आणि वर, “बाई शिवणकाम करत नाही एवढं सांगतो.” ते मलाही माहीत आहे. तुझा धंदा बदलायचा धंदा!

आणि आजची खरी पावती: हिने लेख कापून फ्रिजच्या दारावर लावला! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. ‘विचारू नका, कळवा’च्या खाली पेनाने रेघसुद्धा ओढली आहे. पाणी प्यायला चारदा गेलो आज.

२४ मार्च, सोमवार

चौकोन आता लाल झालाय. ‘फक्त ७ दिवस.’ ‘नंतर’ बटण होतं त्याहून लहान केलंय. माझ्या नजरेचा अंदाज घेतायत.

२६ मार्च, बुधवार

ही नवी बॅग घेऊन आली. चाकांची, माणूस बसेल एवढी.

“जुनीला काय झालं?”

“तिचं कुलूप लागत नाही. सात वर्षं सांगतेय.”

“लागतं. वरून दाबायचं आणि डावीकडे ओढायचं.”

हल्ली ज्याला त्याला नवंच लागतं! बॅग नवी, सिस्टीम नवी. बॅगेची मुदत कोणत्या कंपनीने संपवली म्हणावं! हिला हे ऐकवलं. हसली नाही. मार्चअखेर बहिणीकडे जाते दरवर्षी आठवडाभर. एका आठवड्याला एवढी बॅग!

हिच्या लॅबमधून आज कुणीतरी मोठा गुच्छ पाठवलाय. वाढदिवस तर ऑगस्टमध्ये असतो.

२९ मार्च, शनिवार

ही सकाळच्या गाडीने गेली.

दारात म्हणाली, “सगळं लिहून ठेवलंय. गॅसवाल्याचा नंबर, औषधांच्या वेळा, धोब्याचे कपडे.”

“आठवडाभराला कशाला एवढं?”

तिने बॅग उभी केली. “मी तुम्हाला सांगितलंय. तीनदा सांगितलं.”

“हो गं. बहिणीला विचारलंय म्हणून सांग.”

खालून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. “तुमचं ठरलं का?” तिने विचारलं.

“कशाचं?”

“काही नाही. कॉम्प्युटरचं.”

“बघू. अजून दोन दिवस आहेत.”

“आहेत खरे,” म्हणाली. “निघते.” एरवी ‘येते’ म्हणते. घाईत असेल.

३० मार्च, रविवार

पोचल्याचा फोन काल संध्याकाळी आला. गाडी वेळेवर होती. “जागा छान आहे, खिडकीतून मैदान दिसतं,” म्हणाली. बहिणीच्या घरातून मैदान? बांधकाम पाडलं असेल समोरचं.

घर शांत. प्रयोगशाळेचा वास गेला की घर वेगळंच वाटतं.

३१ मार्च, सोमवार

केलं!!

खरं सांगायचं तर मी केलं नाही, होऊ दिलं. सकाळी कात्रीचा निरोप: ‘उद्यापासून शब्दकोडं?’ एवढाच. मग भाचीला फोन लावला. ती म्हणाली, “मामा, मोठं बटण दाब आणि हात मागे बांधून उभा राहा.” दाबलं. दोनशे कितीतरी वेळा ज्या बोटाने ‘नंतर’ दाबलं, त्याच बोटाने. काही झालं नाही बोटाला.

मग कॉम्प्युटर सहा वेळा बंद पडून सुरू झाला. ‘तयारी चालू आहे.’ ‘थोडाच वेळ.’ ‘सगळं छान होणार आहे.’ हे वाक्य मी फक्त ऑपरेशनच्या आधी ऐकलंय, आणि तेव्हाही खोटं होतं. दोन तासांनी पडदा उजळला: ‘नमस्कार!’

आणि मग प्रश्न! तुम्ही कुठे आहात ते कळू द्यायचं का? तुमचा आवाज ऐकायचा का? तुम्हाला काय आवडतं? रंग कोणता? अक्षरं केवढी? एकालाही ‘बघू’ नाही. ‘हो’ किंवा ‘नाही’, मगच पुढचं पान. म्हटलं, या डब्याला बायकोची जात म्हणावं तर बायकोही इतकी नेट लावत नाही. पण दिली उत्तरं! अर्ध्या तासात एकवीस निर्णय घेतले. एकवीस! आणि खरं सांगतो, सातव्या-आठव्यानंतर मजा यायला लागली. काही लागत नाही हो निर्णय घ्यायला. उगाच लोक बाऊ करतात.

टायपिंगचा प्रोग्राम चालला. ‘क्ष’ जागेवर आहे. लेख उघडले. प्रिंटरने एक पान काढलं. दार पूर्ण उघडतंय.

हिला फोन केला, सांगावं म्हटलं. उचलला नाही. मग मेसेज आला: ‘उद्या बोलू. आज तयारी चाललीय.’ बहिणीकडे कसली डोंबलाची तयारी?

कात्रीला नव्या पानावरून एक ओळ पाठवून बघितली: ‘माई जिवंत आहेत.’ पोचली.

आता उद्या सकाळी चहा घेऊन शांतपणे बसायचं आणि नव्या सिस्टीमचं ते कौतुकाचं पहिलं पान बघायचं. हिच्या त्या पत्राचंही जरा बघायला हवं खरं. कोणती तारीख होती त्याची?

१ एप्रिल, मंगळवार

पहिल्या पानावर ‘अलीकडे उघडलेल्या फाइली’. माझे दोन लेख, आणि मध्ये ‘माईंना पत्र’. मी नाही लिहिलेलं. जागा: ‘मापं’. आज एक एप्रिल, म्हणून आधी हसलो.

वरचं पत्र अकरा मार्चचं. ‘मी दातांच्या कवळ्या बनवते.’ बाकी कात्रीने फारसं बदललेलं नाही. त्याखाली अठ्ठावीस मार्चला जोडलेलं. उतरवून ठेवतो:

‘माई, उत्तर मिळालं. मला बघायचं होतं, मी परकी झाले तर ते मिळतं का. सात दिवसांत मिळालं.

तुम्ही सांगितलंत तसं विचारणं थांबवलं. हे कळवते आहे: मी हो म्हटलं आहे, एक तारखेपासून, दोन वर्षं. यजमानांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, चांगलं केलंस.

जागा दोघांची घेतली आहे. खिडकीपाशी टेबल आहे. ते कुणाचं, हे मात्र माईंनी सांगू नये.

ही फाइल त्यांना नवी सिस्टीम घातल्यावरच दिसेल. म्हणजे मला घाई नाही. दोन वर्षांत कधीतरी दिसेलच.’